बाकावरचं नाव

नमस्कार श्रोतेहो.

परवा खानापूरकडच्या एका मराठी शाळेत गेलो होतो. नवे बाक आलेत. प्रत्येकाच्या पाठीवर एका साखर कारखान्याचं नाव, पिवळ्या रंगात, लांबून वाचता येईल एवढं. पोरं टेकून पाढे म्हणत होती. बरं वाटलं. बाहेर व्हरांड्यात एका पोराचे वडील पासबुक घेऊन उभे. म्हणाले, "सर, ह्याच कारखान्याला ऊस घालून तीन महिने झाले. बिल अजून पडलं नाही."

बाक कंपनी कायद्यातून आले. २०१३च्या कायद्याचं कलम १३५ सांगतं, वर्षाला ५ कोटींवर नफा असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामाला लावावेत. उसाच्या बिलालाही कायदा आहे, आणि तो जुना. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश: ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज मागायला गेलेला शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. मागितलं आणि पुढच्या हंगामात कारखान्याची ऊसतोडीची टोळीच फडात आली नाही, तर? वाळणारा ऊस कुणाला दाखवायचा?

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांचीही हीच कथा. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा २००६चा कायदा. पण मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवायची म्हणजे पुढची ऑर्डर गेलीच समजा.

कंपनीनं समाजासाठी काय केलं, हे मी म्हणूनच बाकावर वाचत नाही, पासबुकात बघतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं लोक म्हणायचे, नांगर पडून राहिले. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, आणि १९१०मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेत नीट नांगरलं गेलं तरच नांगर खपणार आणि खपला तरच नफा. आता यातलं समाजकार्य कुठलं आणि धंदा कुठला, निवडून दाखवा बघू!

मुख्याध्यापकांनी मला कारखान्याला आभाराचं पत्र लिहून द्यायला सांगितलंय. लिहितो. खाली त्या वडिलांच्या बिलाची एक ओळ घालीन म्हणतो. शाळा ती ठेवते की खोडते, बघू.