इको नॉर्मल, मग दम का तुटतो?

बसा बसा, मागच्या पोरांनी पण पुढे या, खुर्च्या रिकाम्याच आहेत. मला विषय दिलाय तरुणांचं ब्लड प्रेशर, आणि समोर बघतोय तर निम्मे कबड्डीवाले, तर मग सुरुवात तिथूनच करू.

मागच्या मोसमात एक पोरगा आला, वय 26, अंगानं दणकट, चढाईला एक नंबर. म्हणाला, "डॉक्टरानू, पयल्या हाफात काय एक होणा नाय, दुसऱ्यात दम तुटता." आता चढाई म्हणजे 30 सेकंदांचा खेळ, पण ती संपायच्या आधीच ह्याला परतायची मधली रेषा दिसायला लागायची. घरचे म्हणाले सिगरेट, मंडळातले म्हणाले पोट सुटलंय, आणि एका ठिकाणी बीपी 150 निघालं तर "तरुण आहेस, टेन्शन घेऊ नको" म्हणून परत पाठवलेला. मी मोजलं, 156/98. पाच मिनिटं गप्प बसवून परत मोजलं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत, तेवढंच. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, पंपिंग 62 टक्के, म्हणजे डाव्या कप्प्यातलं एवढं रक्त एका ठोक्यात बाहेर, नॉर्मल. पोरगा खूश, रिपोर्टचा फोटो लगेच घरी व्हॉट्सअपवर. म्हटलं थांब रे बाबा, पंपिंग ही अर्धीच गोष्ट झाली.

तुमच्या आज्यांच्या वेळचा रहाट आठवतो कुणाला? माडाच्या बागेत बैल फिरायचा आणि गाडगी भरून वर यायची. बैल शहाणा असेल तर पाणी भरपूर. पण कुणी बैलाला पळवलाच, तर गाडगं बुडून भरायच्या आतच वर निघतं, अर्धं रिकामं, आणि रहाट नुसता कुरकुरत फिरतो, पाटात पाणी नाही. हृदयाचं तेच. आवळणं सगळ्यांना माहीत असतं, पण आवळायच्या आधी सैल पडून भरावं लागतं, आणि जास्त प्रेशरविरुद्ध वर्षानुवर्षं ढकलून ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, जाड झालेली भिंत पटकन सैल पडत नाही. बसल्या जागी ठोके 72, एका ठोक्याला 0.8 सेकंदाच्या वर वेळ मिळतो, तेवढ्यात जाड भिंतीचं हृदय पण भरून घेतं म्हणून काही जाणवत नाही. धावताना ठोके 170, मग एका ठोक्याला जेमतेम 0.35 सेकंद, आणि त्यात सगळ्यात जास्त कापला जातो तो भरायचाच वेळ. मागे फुफ्फुसाकडे दाब वाढतो आणि दम लागतो. ह्या पोराच्या इकोत भिंत थोडी जाड होती, आणि रक्त भरतानाच्या दोन लाटा दिसतात त्यातली पहिली तरुणपणी मोठी असायला हवी, ती बुटकी होती, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं पण होतं. कोण वाचतंय.

मग त्याला ट्रेडमिलवर चढवला. दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढतो, म्हणजे सड्यावरची घाटी चढताना घाटीच उभी होत जावी तसं. असा खेळाडू चौथ्या टप्प्यात सहज जायला हवा, हा तिसऱ्यातच "बास" म्हणाला, आणि वरचं प्रेशर 220. श्रमात वरचा आकडा सगळ्यांचाच वाढतो, त्याला घाबरू नका, पण पुरुषांत 210 आणि बायकांत 190 च्या पलीकडे गेला तर आम्ही कान टवकारतो.

हे काही आजचं ज्ञान नाही. नॉर्वेत बर्गन म्हणून शहर आहे, समुद्रकाठचं, मासळीचं, आणि पाऊस आपल्यासारखाच पाठ न सोडणारा. तिथे लुंड-योहान्सेन नावाच्या डॉक्टरांनी थोडं बीपी असलेल्या, गोळ्या चालू नसलेल्या माणसांचं रक्ताभिसरण बसून आणि सायकल मारताना मोजलं, आणि 10 वर्षांनी, 20 वर्षांनी त्यांनाच बोलावून परत मोजलं, चिकाटी बघा. तरुण होते तेव्हा बसल्या जागी हृदय उलट जास्तच रक्त फेकत होतं, पण सायकलवर बसवलं की एका ठोक्यातलं रक्त कमी पडायचं, आणि पुढे वर्षं गेली तशी रक्तवाहिन्या आवळत गेल्या, हृदय मिनिटाला फेकतं ते एकूण रक्तच कमी झालं. म्हणजे पहिली खूण व्यायामात दिसते, खुर्चीत नाही.

आता उपाय. तरुणपणी बीपी निघालं तर आधी कारण शोधायचं, किडनी, थायरॉईड, रात्रीचं घोरणं, आणि हाताबरोबर पायाचीही नाडी बघायची, कारण महाधमनी जन्मतः अरुंद असली तर हाताला प्रेशर जास्त आणि पायाची नाडी मंद लागते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा, त्यात सुका बांगडा, कोकमाचं आगळ, लोणचं, पापड सगळं आलं. मी स्वतः पेजेबरोबर सुकं सोडू शकलेलो नाही, कमी केलंय.

खेळ सोडायचा का? अजिबात नाही, पण आधी प्रेशर खाली आणायचं. चालणं, पोहणं, सायकल चांगली. रापणीचं जाळं ओढताना किंवा जिममध्ये वजन उचलताना दम कोंडू नका, तेवढ्या क्षणात प्रेशर भलतंच वर जातं, ओढताना श्वास सोडा. गोळ्यांतली एक गोम सांगतो, ठोके वाढू न देणाऱ्या गोळ्या (बीटा ब्लॉकर) खेळाडूला थकवतात, असं झालं तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरला सांगा, बदलता येते. आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत, वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांनी हे आधीच बोलायचं.

तो पोरगा? गोळी सुरू करून, मग ती बदलून, वजन उतरवून आठ महिने झाले, घरचं बीपी 128/82, परवा ट्रेडमिलवर चौथ्या टप्प्यात गेला. भिंतीचं बघायला इको अजून करायचाय.

चला, मशीन दोन आणलीत, जाड दंडासाठी मोठा पट्टा पण आहे, लहान पट्टा लावला की आकडा उगाच वर येतो. रांग लावा. आत्ता चहा प्यायलेल्यांनी अर्धा तास मागे थांबा, आणि पट्टा बांधल्यावर गप्पा नकोत.