गाडीच्या दारापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत

(दृश्य: गाडीच्या आतून. मागच्या सीटवर एक काठी, शेजारी रिपोर्टांची पिशवी.)

आई गाडीत नेहमी ड्रायव्हरच्या मागे बसते. पुढे माझ्या शेजारी बसत नाही. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. डावा हात जवळजवळ नाहीच, पाय ओढत चालतो. फिजिओथेरपिस्टनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, उठताना-उतरताना चांगली बाजू पुढे. उजवा पाय आधी जमिनीवर, उजव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरायचा, मग उभं राहायचं. आपल्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट डावीकडे, तिचं दारही डावीकडे. तिथून उतरायचं म्हणजे सगळा भार नेमका गेलेल्या पायावर. म्हणून मागची उजवी सीट.

हे दार पूर्ण उघडावं लागतं. अर्धवट उघडून चालत नाही. शिवाय दाराला लागून व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा लागते. तेवढी मिळाली तर आई चार मिनिटांत उतरते. नाही मिळाली, तर ती गाडीतच बसून राहते.

(दृश्य: हॉस्पिटलचं फाटक, सकाळी साडेनऊ. हॉर्न, शिट्टी.)

हॉस्पिटलचं नाव आम्ही सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे फाटक तुमच्या गावातही आहे.

पोर्चमध्ये गाडी थांबली की सिक्युरिटीवाले काका खिडकीवर टकटक करतात. "ताई, पेशंट उतरवा आणि गाडी पुढे घ्या. मागे अ‍ॅम्ब्युलन्स आहे." त्यांचं खोटं नसतं, मागे खरंच अ‍ॅम्ब्युलन्स असते. मी एकटी. व्हीलचेअर आणायला आत जाऊ, की गाडी काढू? खुर्ची मिळाली तर तिचा ब्रेक लागत नाही, किंवा एका बाजूची पाय ठेवायची पट्टी तुटलेली असते. कशीबशी आईला बसवते आणि खांबाजवळ सोडून गाडी घेऊन निघते. पार्किंग मागच्या गल्लीत. गाडी लावून तिथून धावत परत यायला एकूण अकरा मिनिटं. हे आम्ही घड्याळ लावून मोजलं.

त्या अकरा मिनिटांत आई काय करते? एकदा तिची पदरपिन निसटली आणि पदर चाकात गेला. तिला एका हातानं तो सोडवता येईना. कुणाला हाक मारायची तर झटक्यानंतर शब्द लवकर फुटत नाहीत. मी आले तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. मला म्हणाली, "तू ये गं हळू, पळू नकोस."

(दृश्य: रिकामं पार्किंग. जमिनीवर मोजपट्टी. पांढऱ्या खडूनं आखलेला चौकोन.)

साध्या गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. शेजारी दुसरी गाडी लागली की दार वीतभर उघडतं. धडधाकट माणूस अंग चोरून निघतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत अपंग व्यक्तींच्या गाडीसाठी किमान 3.6 मीटर रुंदी सांगितली आहे. वाढलेलं हे मीटरभर म्हणजे आम्ही आत्ता खडूनं आखतोय तो पट्टा. या पट्ट्यात खुर्ची उभी राहते, आधार देणारा माणूस उभा राहतो, आईचा उजवा पाय टेकतो. त्याच संहितेत आणखी एक आकडा आहे. ही जागा इमारतीच्या दारापासून 30 मीटरच्या आत हवी.

30 मीटर. दमलेल्या माणसानं एका दमात जावं एवढंच अंतर. आमच्या मोजपट्टीवर मागच्या गल्लीचं अंतर 310 मीटर आलं.

कायदा नाही, असंही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांचा प्रत्येक भाग अडथळामुक्त असावा, असं लिहिलं आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना बदल करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत 2022 मध्ये संपली. मग 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निकाल दिला. 2017 च्या त्या नियमांतल्या नियम 15 मधली अडथळामुक्त बांधकामाची मानकं सक्तीची नसून निव्वळ शिफारशीसारखी आहेत आणि हे मूळ कायद्याशीच विसंगत आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. रतुडी स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांची याचिका 2005 मधली. एका माणसाला पायरी, रस्ता आणि दार यांसाठी एकोणीस वर्षं कोर्टात थांबावं लागलं, हे वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसले होते.

(दृश्य: पोर्चच्या तीन पायऱ्या. बाजूला सिमेंटचा उतार.)

आता रॅम्प. तीन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटिमीटर, एकूण उंची 45. एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी, हे प्रमाण धरलं तर उतार 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब हवा. इथला भरला 2 मीटर 10. म्हणजे जवळजवळ एकास पाच. खुर्ची ढकलताना माझे पाय घसरतात, आणि उतरताना तर खुर्ची उलटी फिरवून, पाठमोरं, पोटावर भार घेत उतरवावी लागते. सरळ नेली तर पेशंट पुढे कलंडतो. रॅम्पला चकचकीत फरशी बसवलीय. पावसाळ्यात त्यावर गोणपाट टाकतात. गोणपाट चाकात अडकतं.

ज्यानं हा बांधला त्याचा हेतू वाईट नव्हता, असं मला मनापासून वाटतं. कुणीतरी सांगितलं असेल, "रॅम्प हवा." कुणी खुर्चीत बसून बघितलं नाही, एवढंच.

(दृश्य: फाटकाबाहेर रिक्षांची रांग. एक आजोबा रिक्षातून उतरताहेत.)

गाडीचं एवढं बोलतेय खरी, पण बहुतेक पेशंट गाडीनं येत नाहीत. रिक्षानं येतात, एसटीनं येतात. आणि रिक्षा आत सोडत नाहीत. ही पाटी कितीतरी फाटकांवर बघायला मिळेल. हे आजोबा डायलिसिसला येतात, आठवड्यातून तीनदा. प्रत्येक वेळी चार तास. येताना ते काठी टेकत फाटकापासून आत चालत जातात. जाताना ते जमत नाही. डायलिसिसमध्ये शरीरातलं पाणी काढतात, रक्तदाब उतरतो, उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी येते. येताना लागत नव्हता तो आधार जाताना लागतो. त्यांचा नातू फाटकाबाहेर रिक्षा धरून ठेवतो आणि आजी भिंतीच्या कडेनं त्यांना हळूहळू बाहेर आणते.

आजोबांकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. त्यांना अपंगत्व नाहीच, किडनी गेलीय. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेल्या बाईकडेही नसतं. पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या मुलाकडेही नसतं. म्हणून दवाखान्याच्या दारात कार्ड मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मॉलमध्ये जरूर मागा. इथे समोरचा माणूस कसा चालतोय हे बघितलं तरी कळतं.

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं छोटं डायलिसिस सेंटर.)

हे सेंटर भाड्याच्या जागेत आहे, तळमजल्यावर. दारासमोर दोन गाड्यांची जागा पिवळ्या रंगानं आखलीय, मध्ये तिरपे पट्टे. रिक्षा थेट पट्ट्यापर्यंत येते. दाराच्या आत लगेच एक बाक आहे, हात असलेला, म्हणजे उठताना धरायला मिळतं. वॉचमनमामांना एकच काम जास्तीचं दिलंय. गाडी लावायला गेलेला माणूस परत येईपर्यंत पेशंटशेजारी बसायचं. आम्ही शूटिंग करत होतो तेव्हा मामा एका काकूंशी पाऊसपाण्याबद्दल बोलत होते आणि एका पायानं खुर्चीचं चाक अडवून धरलं होतं. सहजच. त्यांच्या लक्षातही नव्हतं.

(दृश्य: परत पहिलं हॉस्पिटल.)

मोजमापांचा कागद घेऊन मी आमच्या हॉस्पिटलच्या प्रशासकांना भेटले. ते चिडले नाहीत. खाली आले. मी त्यांना खुर्चीत बसायची विनंती केली आणि ते बसले. मी ढकलायला लागले. रॅम्पच्या मध्यावर खुर्ची थांबली, मला पुढे रेटवेना. त्यांनी दोन्ही हातांनी चाकं पकडली आणि विचारलं, "रोज असंच होतं?"

दोन महिन्यांनी नवा रॅम्प झाला. बागेच्या कडेनं जातो, मध्ये वळणावर सपाट जागा आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे, फरशी खडबडीत. पार्किंगचं अजून काही झालेलं नाही. कागद ट्रस्टींकडे आहे, रिक्षा अजून फाटकाबाहेरच थांबतात. पुढच्या मंगळवारी मी परत जाणार आहे.

(दृश्य: नवा रॅम्प. कॅमेरा जमिनीलगत.)

परवा आईनं खुर्ची नको म्हटलं. काठी मला दिली, उजव्या हातानं कठडा धरला आणि चालायला लागली. वळणावरच्या सपाट जागी थांबली. बागेत कण्हेर फुलली होती, ती बघत उभी राहिली. मागून येणारे दोघं थांबले, कुणी घाई केली नाही. मग तिनं डावा पाय ओढून जवळ घेतला आणि उरलेला चढ चढायला लागली.