नाडीची गाठ आणि पेनाची खूण

(लातूर येथे शल्यचिकित्सेच्या निवासी डॉक्टरांसमोर आणि परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आतडं कसं जोडायचं हे आम्ही तुम्हाला तासन् तास शिकवतो. स्टोमा, म्हणजे मळ पिशवीत पडावा म्हणून आतडं पोटावर बाहेर आणून केलेलं तोंड, मात्र ऑपरेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांत, सगळे दमलेले असताना, सगळ्यांत ज्युनिअर पोराच्या हाती देतो. पेशंट जन्मभर बघणार असतो तो तेवढाच भाग. पोटातली तुमची सुबक जोडणी त्याला कधीच दिसत नाही.

माझीच चूक सांगतो. औशाकडची एक बाई, आतडं फुटलेलं, रात्रीचे दोन. मी इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, केली आणि जीव वाचला म्हणून खूश होतो. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा पिशवीभोवतीची कातडी सोलून लालभडक झालेली. म्हणाली, "सायेब, खाली बसलं की पिशवी सुटायली बघा." तिला लुगडं नेसून उकिडवं बसायला सांगितलं, तेव्हा माझं तोंड उतरलं. परकराची नाडी बरोबर स्टोमावरून जात होती, आणि बसल्यावर पोटाला पडणारी घडीही तिथंच. मी ती जागा झोपलेल्या पोटावर ठरवली होती. ही बाई दिवसभर खुरपायला बसते, चुलीपुढं बसते. झोपते कितीशी?

तेव्हापासून माझ्या खिशात मार्कर असतो. पेशंटला उभं करा, मांडी घालून बसवा, उकिडवं बसवा, वाकायला लावा. नाडी, धोतर, करगोटा जिथं रोज बांधतात तिथंच बांधायला सांगा. जागा पोटाच्या उभ्या स्नायूमधून जाणारी हवी. बेंबी, जुना व्रण, कमरेचं हाड यांपासून लांब हवी, आणि पेशंटला मान वाकवून स्वतःला दिसली पाहिजे. इमर्जन्सीत वेळ नसतो म्हणाल, तर भूलतज्ज्ञ सलाईन लावेपर्यंत दोन मिनिटं मिळतात. बसता येत नसेल तर निदान नाडीचा वळ कुठं उमटलाय तो बघा.

आता तंत्र. लहान आतड्यातला पातळ मळ पाचकरसांमुळे कातडी जाळतो. पूर्वी आतड्याचं टोक तसंच बाहेर ठेवायचे, ते सुजायचं, आठवडेच्या आठवडे वाहायचं. १९५२ साली ब्रायन ब्रुक या इंग्लिश सर्जननं सदऱ्याची बाही दुमडावी तसं ते टोक उलटं दुमडून तिथल्या तिथं कातडीला शिवलं. इतकी साधी गोष्ट, पण तिनं लोकांना माणसांत आणलं. ही तोटी दोन ते तीन सेंटिमीटर वर राहू द्या, म्हणजे मळ थेट पिशवीत पडतो. मोठ्या आतड्याच्या कोलोस्टॉमीला एवढी उंची लागत नाही. आतडं ताणून आणू नका. ताण म्हणजे रक्तपुरवठा गेला, आणि मागाहून स्टोमा आत ओढला गेला. दुसऱ्या दिवशी तो काळसर दिसला तर घाबरून लगेच पोट उघडू नका, आणि दुर्लक्षही करू नका. काचेची परीक्षानळी वंगण लावून अलगद आत सरकवा, टॉर्च मारा. आत लाल असेल तर वाट बघता येते. पोटाच्या भिंतीच्या आतपर्यंत काळं असेल तर पुन्हा टेबलावर.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. इलिओस्टॉमीवाल्याला घरची माणसं मायेनं तांब्याच्या तांब्या साधं पाणी पाजतात. त्यानं पिशवी आणखी भरते, अंगातलं मीठ वाहून जातं, आणि चौथ्या दिवशी पेशंट लघवी बंद होऊन येतो. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल तर साधं पाणी कमी, ओआरएस जास्त. हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा आणि घरच्या बाईला वाचून दाखवा.

आणि सिस्टर, हे तुमच्यासाठी. अमेरिकेत क्लीव्हलँडला रुपर्ट टर्नबुल या सर्जननं १९५८ साली आपल्याच एका पेशंटला, नॉर्मा गिल यांना, इतर पेशंटना शिकवण्याच्या कामावर घेतलं. त्यांना स्वतःला इलिओस्टॉमी होती. स्टोमा-परिचारिका हा पेशाच तिथून उभा राहिला. पिशवीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, हे मला एका सिस्टरनं शिकवलं, प्रोफेसरांनी नाही.

मला सगळ्यांत जास्त विचारलेला प्रश्न असा : "आषाढीला जाता येईल का?" येतं. जादा पिशव्या, ओआरएसच्या पुड्या घेऊन माझे पेशंट पंढरपूरला जाऊन आलेत.

उद्या सकाळची पहिली केस गुदाशयाच्या कॅन्सरची आहे, पिशवी कायमची राहणार आहे. आज संध्याकाळी सहाला वॉर्डात या. बाबांना धोतर नेसूनच बसायला सांगितलंय.