बेलाशक फोन ठेवा

मंडळी, वाचनालयाने विषय दिला होता ‘संगणक सुरक्षा’. त्यातला एकच तुकडा आज घेतो: कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाने येणारे खोटे फोन. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच घरांत आता लॅपटॉप दिसतो. मुलाने मुंबईत नवा घेतला की जुना गावी येतो. वापरणारे आईवडील इथे, दुरुस्त करणारा तिकडे. आणि दुपारी जेवून जरा आडवं व्हावं तर फोन येतो: “मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतोय.”

कधी हा भामटा स्वतः फोन करत नाही, आपल्यालाच करायला लावतो. कुठलं तरी पान उघडावं आणि पडदाभर लाल इशारा, कर्कश आवाज, खाली नंबर. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. म्हणजे नंबर दिसला की विषय संपला. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा. नाही गेलं तर पॉवरचं बटण दाबून ठेवा, यंत्र बंद होईल. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पानं उघडू का’ विचारेल, त्याला नाही म्हणा.

आता फोनवरची करामत. हा माझा लॅपटॉप, मागच्यांना दिसतोय ना? तो जे उघडायला सांगतो तेच उघडतो: ‘इव्हेंट व्ह्यूअर’. ह्या बघा लाल खुणा, हे पिवळे त्रिकोण. आणि यंत्र ठणठणीत आहे! ही विंडोजची रोजची नोंदवही. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथे लाल खूण पडते. तो म्हणतो, “मोजा बघू किती आहेत,” आणि आपण मोजत बसतो. मग ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवतो. म्हणतो, हा फक्त तुमच्या यंत्राचा, जुळतो का बघा. जुळणारच, सगळ्या विंडोजमध्ये तो एकच असतो. मला हे सगळ्यांत बेरकी वाटतं. पुरावा तो देत नाही, आपल्याच हातून शोधून घेतो.

इथवर एक पैसाही गेलेला नसतो. पुढे तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून दुसऱ्याचं यंत्र चालवायचं अ‍ॅप, घ्यायला सांगतो आणि त्यात पडद्यावर दिसणारा आकडा विचारतो. ही अ‍ॅप खोटी नाहीत, ऑफिसांत सर्रास वापरतात, म्हणून अँटिव्हायरसही सहसा ओरडत नाही. आकडा सांगून परवानगी दिली की माउस त्याचा. मोबाइलवर घेतलं तर आलेला ओटीपीही तोच वाचतो.

आपली खरी अडचण मात्र वेगळी आहे. आपल्याला फोन तोडवत नाही. समोरचा ‘काका, काका’ करत अर्धा तास खपतोय, मध्येच कसा ठेवायचा? बेलाशक ठेवा. तो म्हणेल खातं बंद पडेल, घरात कुणाला सांगू नका. अहो, खरा मेकॅनिक कधी सांगतो का, शेजाऱ्याला बोलावू नका म्हणून?

आणि ही माणसं सातासमुद्रापलीकडचीच असतात असंही नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याच्या नावाने धमकावलं जात होतं.

पैसे गेलेच तर आधी वायफाय आणि डेटा बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, वाटेत गोठवता आले तरच हाती लागतात. सुनेला काय वाटेल म्हणून दोन दिवस गप्प बसणारे मी पाहिलेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: गुप्त माहिती आपणच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. लॅपटॉप जाणत्या माणसाकडून साफ झाल्याशिवाय त्यावर बँकेचं काम करू नका. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

मागून विचारतायत, गूगलवर शोधून कस्टमर केअरला लावला तर चालेल का? नको. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, प्रिंटरचा खोक्यावर किंवा वॉरंटीच्या कागदावर. तोच लावा.