बोरीवरचा पूल आणि आजचा सर्व्हर

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी नळदुर्गजवळच्या खेड्यातली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, ती याच रस्त्यानं. बोरी नदीवरचा पूल फौजेनं शाबूत ताब्यात घेतला आणि गाड्या पुढं गेल्या. या सगळ्याला लोक ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत, आणि आजीला त्याचं शेवटपर्यंत हसू यायचं. म्हणायची, “पोलिसांकडं तोफाच्या गाड्या असतेत व्हय रं?”

आजीचा प्रश्न साधा नव्हता, हे मला पुढं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क सांभाळणाऱ्या दलात, नोकरी करताना कळलं. निजाम सरकारनं ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडं तक्रार नेली होती. अशा वेळी ‘युद्ध’ म्हटलं, की दोन देशांमधला मामला होतो, जगाचा कायदा लागू होतो. ‘पोलीस कारवाई’ म्हटलं, की घरातली गोष्ट. रणगाडे तेच, नाव वेगळं.

आज सायबर लढाईत सगळं घोडं इथंच अडतं. हल्ला झाला, पण त्याला म्हणायचं काय? आणि केला कुणी?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्य सरकारनं घातपाताचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रानं माणसाची चूक सांगितली. आता या भांडवलावर सैन्यानं कुणावर चाल करायची? सीमेवर गोळी आली तर दिशा कळते. इथं गोळी तिसऱ्याच देशातल्या, कुणा बिचाऱ्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरमधून आलेली असते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दोन कलमं आहेत. कलम २ चा चौथा परिच्छेद दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई करतो. कलम ५१ सांगतं, की सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे. या दोन्हींच्या मधे मोठी पडीक जमीन आहे, आणि बहुतेक सायबर कारवाया तिथंच होतात. इराणमध्ये नतान्झला युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं ‘स्टक्सनेट’ नावाच्या व्हायरसनं बिघडवली. २०१० मध्ये तो उघडकीला आला. एकही बॉम्ब पडला नाही, पण यंत्रं मोडली. एस्टोनियावर २००७ मध्ये सायबर हल्ले झाले, त्यानंतर तिथल्या टॅलिन शहरात कायद्याचे तज्ज्ञ बसले आणि २०१३ मध्ये त्यांनी ‘टॅलिन मॅन्युअल’ काढलं. स्टक्सनेटला सशस्त्र हल्ला म्हणायचं की नाही, यावर त्यांचंही एकमत झालं नाही. शिवाय ते मॅन्युअल कुठल्याही देशाला बंधनकारक नाही. जाणत्यांचं मत, एवढंच.

आता बोरीच्या पुलाकडं परत येऊ. त्या दिवशी पुलावरून फौज गेली. फौज पुढं गेल्यावर त्याच पुलावरून बैलगाड्या गेल्या असतील. असा पूल लढाईत पाडता येतो का? युद्धाचा कायदा म्हणतो, शत्रूची फौज त्याचा उपयोग करत असेल तर येतो, पण सामान्य माणसाचं नुकसान लष्करी फायद्याच्या मानानं बेसुमार होता कामा नये. इंटरनेट हा सगळाच असला पूल आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौज युक्रेनमध्ये घुसली, त्याच्या तासभर आधी ‘व्हायासॅट’ या उपग्रह सेवेचे मोडेम बंद पाडले गेले. नेम युक्रेनच्या फौजेच्या संपर्कावर होता. पण जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दुरून चालणारा ताबा तुटला. चक्क्या फिरत राहिल्या, त्यांच्यावर नजर ठेवणारे मात्र आंधळे झाले. आपल्या बालाघाटच्या डोंगरावर पवनचक्क्या बघतो, तेव्हा मला ही गोष्ट हटकून आठवते.

आणि पैठणचं जायकवाडी? २७ दरवाजे आहेत त्या धरणाला. दरवाजा तोफेनं फोडला काय, किंवा संगणकातून नको त्या वेळी उघडला काय, खालच्या गावांना पाणी सारखंच. धरणांना खास संरक्षण देणारं कलम १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे युद्धाच्या नियमांच्या जोडकरारात आहे, पण भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. मात्र सैनिक आणि नागरिक यांत फरक करण्याचं तत्त्व रूढीनं सगळ्यांवरच बंधनकारक आहे. जिनिव्हाचे १९४९ चे चार करार तर आपण मानलेत, त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही केलाय.

आपल्या सैन्याचं या सगळ्यात काम काय? २०१९ पासून तिन्ही दलांची मिळून ‘डिफेन्स सायबर एजन्सी’ आहे. जून २०२४ मध्ये सायबर कारवायांची संयुक्त युद्धनीतीही आली. पण उद्या महावितरणचा सर्व्हर पडला, तर ऑलिव्ह हिरव्या वर्दीतले जवान येणार नाहीत. ते काम ‘सर्ट-इन’चं, म्हणजे सायबर हल्ल्यांना तोंड देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, आणि अतिमहत्त्वाच्या यंत्रणा असतील तर त्यांच्या रक्षणासाठी २०१४ साली उभ्या केलेल्या राष्ट्रीय केंद्राचं. गुन्ह्याचा तपास पोलिसांचा. १९९३ ला किल्लारीत भूकंपानंतर फौज मदतीला आली, तीसुद्धा मुलकी प्रशासनाच्या हाताखाली. मला विचाराल, तर हे बंधन राहू द्यावं. देशातल्या देशात प्रत्येक वायरीवर फौजेचा कान असणं, हे मी फौजी असूनही मला रुचत नाही.

२०२५ च्या मेमधली, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. भारताची ७० टक्के वीज सायबर हल्ल्यानं बंद पाडल्याची अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होती. आमच्या गल्लीत मात्र पंखे चालू होते. लातूरला क्लासला जाणारा शेजारचा मुलगा धावत आला. “काका, आमचा ग्रुप झालाय. आपण बी त्यांच्या वेबसाइटी पाडू.”

मी त्याला बसवलं. म्हटलं, “बाबा, इथं बसून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात घुसलास तर आयटी कायद्याचं कलम ६६ तुला लागतं. देशभक्तीची सूट त्यात लिहिलेली नाही. आणि लढाईत थेट हात घातलास, तर नागरिक म्हणून जे संरक्षण आहे, ते तेवढ्या काळापुरतं जातं. रेड क्रॉसनं २०२३ मध्ये तुझ्यासारख्यांसाठी आठ नियमच काढलेत. दवाखान्याला हात लावायचा नाही, हा त्यातलाच एक.”

तो म्हणाला, “मग फौजेतल्यानं केलं तर चालतं?”

“त्याच्या हातात हुकूम असतो,” मी म्हटलं. “हुकमावर साहेबाची सही असते, साहेबाला सल्ला द्यायला फौजेचाच वकील असतो, आणि चूक झाली तर कोर्ट मार्शल असतं. तुझ्या पाठीशी कोण आहे? तुझ्या बापाच्या नावावरचं वायफाय.”

त्यानं मोबाईल खिशात टाकला. ग्रुप सोडला की नाही, ते मी विचारलं नाही. चहा मात्र माझ्याकडूनच प्यायला.

नमस्कार.