कातर, मशीन, ड्रायर : बिघडण्याआधी अवजार काय सांगतं

(सांगलीत केशकर्तनालयं आणि ब्युटी पार्लर चालवणाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

दुकानातलं मशीन बंद पडलं की आपण म्हणतो, ‘काल रात्रीपर्यंत चांगलं होतं, सकाळी अचानक गेलं.’ माझं म्हणणं असं की, अवजार सहसा अचानक जात नाही. आधी त्याचा आवाज बदलतो. मग ते नेहमीपेक्षा जास्त तापतं, केस ओढायला लागतं किंवा वास सोडतं. या सगळ्याकडे दुर्लक्ष झालं की मग थांबतं. मधल्या दिवसांत त्याचा त्रास गिऱ्हाइकाच्या मानेला आणि केसांना होत असतो. म्हणून कोणत्या कंपनीचं काय घ्यावं यावर मी आज बोलणार नाही. हातात आहे ते काय सांगतंय, ते ओळखायचं कसं, एवढाच विषय.

केस कापायच्या मशीनपासून सुरुवात करतो. मशीनच्या तोंडाशी दोन ब्लेड असतात. कातडीला टेकतं ते खालचं, ते हलत नाही. वरचं त्याच्यावर आडवं घासत राहतं. वायरची जी जड मशीनं आपण वापरतो त्यांतली बरीचशी मॅग्नेटिक मोटरची, म्हणजे विजेच्या चुंबकाने ब्लेड हलवणारी असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, आणि प्रत्येक फेरीत चुंबक दोनदा ओढतो, म्हणून वरचं ब्लेड मिनिटाला ६००० वेळा सरकतं. एका कटिंगला मशीन पाच मिनिटं चाललं तर लोखंडावर लोखंड ३०,००० वेळा घासलं गेलं. मधे तेलाचा पातळ थर नसेल तर ब्लेड तापणारच आणि धारही जाणार. जाता जाता एक सांगतो : अमेरिकेतला नातेवाईक कौतुकाने तिकडचं मशीन घेऊन येतो. ते ११०-१२० व्होल्टचं आणि ६० हर्ट्झचं असतं. कन्व्हर्टर लावला तर व्होल्टेज जमतं, पण हर्ट्झ आपल्या विजेचे ५०च राहतात. मॅग्नेटिक मशीन मग नीट चालत नाही, गुरगुरतं आणि तापतं. बॅटरीवरच्या मशीनला ही अडचण नाही, फक्त चार्जर २३० व्होल्टचा हवा.

तेल रोज सकाळी घालायचं आणि दिवसभरात तीन-चार गिऱ्हाइकं झाली की पुन्हा. आधी ब्रशने ब्लेडमधले केस झाडा. मशीन चालू करा आणि दात जमिनीकडे करून धरा. दातांच्या पुढच्या कडेवर तीन थेंब, दोन्ही बाजूंना एकेक थेंब. दहा सेकंद चालू द्या, बंद करा, जास्तीचं तेल कापडाने टिपून घ्या. दात खाली धरायचे कारण तेल आत मोटरकडे जाता कामा नये. आत गेलेलं तेल आणि केसांची भुकटी मिळून जो लगदा होतो, तो काढायला मशीन पूर्ण उघडावं लागतं.

तेल मशीनसोबत आलेलं वापरा, नाहीतर शिलाई मशीनचं पातळ तेल वापरा. खोबरेल नको. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी बाटलीत पांढरी झालेली ढेप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तीच ब्लेडच्या फटीत होते. उन्हाळ्यात गोठत नाही, पण धूळ आणि केस धरून चिकट होतं. रॉकेलमध्ये मशीन चालू ठेवून बुडवायची एक जुनी पद्धत आहे, ती कृपा करून सोडा. काही मोटरींच्या आत ठिणगी पडते.

मॅग्नेटिक मशीनच्या बाजूला एक स्क्रू असतो. मशीन ठोकल्यासारखा खडखडाट करायला लागलं की त्याच्याकडे बघायचं. मशीन चालू ठेवून स्क्रू हळूहळू एका दिशेने फिरवा, खडखडाट वाढेपर्यंत. मग तिथून उलटा, अगदी थोडा फिरवा. खडखड थांबून एकसारखी घूंऽऽ ऐकू आली की हात काढा. अनेकदा व्होल्टेज कमी-जास्त झाल्यानेही हा आवाज बदलतो. तेव्हा नवीन मशीन घ्यायच्या आधी हा अर्ध्या मिनिटाचा उपाय करून बघा.

आता ब्लेड बसवणं. कापण्याच्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात. ब्लेड धुऊन किंवा धार लावून परत बसवताना खालच्या ब्लेडचे दात वरच्यापेक्षा पुढे राहिले पाहिजेत. नेहमीच्या मशीनला साधारण एक मिलिमीटर पुढे. दाढी-कडांच्या ट्रिमरला त्याहून कमी ठेवतात. दोन्ही कडा एका रेषेत आल्या की कट जवळून बसतो खरा, पण कातडी ओरखडायला लागते. वरचं ब्लेड केसभर जरी पुढे आलं तरी रक्त निघतं. नुसती लांबी बघून भागत नाही, बाजूही बघा : वरच्या ब्लेडचा डावा-उजवा शेवटचा दात खालच्या दातांच्या बाहेर लटकता कामा नये. स्क्रू थोडेच ढिले करा, अंगठ्याने ब्लेड सरळ करा, एक स्क्रू घट्ट करा, पुन्हा डोळ्यासमोर धरून बघा, मग दुसरा. शेवटी बंद मशीन नव्हे, चालू मशीन स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. टोचलं तर गिऱ्हाइकालाही टोचणार आहे.

केस ओढतंय म्हटलं की आपण लगेच धार लावायला देतो. क्रम उलटा हवा. आधी केस झाडा, मग तेल घाला, मग स्क्रू आणि ब्लेडची जागा तपासा. एवढं करूनही ओढलं तरच धार. ओले किंवा तेल चोपडलेले केस चांगलं ब्लेडसुद्धा ओढतं. मानेवर मशीन लावण्याआधी केस कोरडे आहेत ना ते बघा. आणि गार करण्याचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. तो मारल्यावर ब्लेडवरचं तेल धुऊन जातं, म्हणून त्यानंतर पुन्हा तेल घालावंच लागतं.

कातरीकडे येऊ. केस कापायची कातर आणि शिंप्याची कातर यांत मोठा फरक आतल्या बाजूला आहे. चांगल्या कातरीच्या पात्याची आतली बाजू सपाट नसते, हलकी खोलगट असते. कडेला सुतासारखी अरुंद सपाट पट्टी असते. दोन पाती मिटताना फक्त त्या पट्टीवर एकमेकांना भिडतात, तेही पुढे सरकत जाणाऱ्या एका बिंदूवर. म्हणून तर केस न दुमडता कापला जातो. रस्त्यावर चाक फिरवून सुऱ्या-कोयत्यांना धार लावणारे कारागीर त्यांच्या कामात पक्के असतात. पण त्या चाकावर ही आतली बाजू घासली गेली की खोलगटपणा संपला. ती कातर दोन दिवस झकास चालते आणि मग कायमची जाते. हजारो रुपयांची कातर असेल तर केशकर्तनाच्या कातरींनाच धार लावणाऱ्या माणसाकडे द्या, तो मुंबई-पुण्याला असला तरी.

कातरीचा ताण रोज बघण्यासारखा आहे. बोटाची कडी एका हातात धरा, टोक वर करा. अंगठ्याचं पातं दुसऱ्या हाताने पूर्ण आडवं होईपर्यंत उघडा आणि सोडून द्या. ते मिटत जात साधारण निम्म्यावर थांबलं पाहिजे. टोकापर्यंत धाडकन मिटलं तर स्क्रू ढिला आहे. केस पात्यांमध्ये दुमडतात आणि पाती एकमेकांना खाच पाडतात. हललंच नाही तर स्क्रू फार घट्ट. त्याने धार लवकर झिजते आणि संध्याकाळी अंगठ्याचं मूळ दुखतं. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवायचा. मिटल्यावर ‘टक्’ होऊ न देणारं जे छोटं रबर कड्यांच्या मधे असतं, तेही पडलेलं नाही ना बघा. ते नसलं तर पाती गरजेपेक्षा जास्त मिटतात आणि टोकं एकमेकांवर चढतात.

धार बघायला ओला टिश्यू पेपर घ्या, एकच पदर. पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत कापत जा. जिथे कागद चुरगळला तिथे खाच. खाच टोकाशी असेल तर कातर कधीतरी फरशीवर पडलेली आहे, असं समजायला हरकत नाही. रात्री कापडाने पुसा, उघडून स्क्रूजवळ तेलाचा एक थेंब टाका, आठ-दहा वेळा उघड-मीट करा, पुन्हा पुसा आणि मिटून ठेवा. धोकटीत बाकीच्या अवजारांबरोबर उघडी टाकू नका. आणि त्याच कातरीने कागद, दोरा, शाम्पूची पुडी कापायची नाही.

आता तापणारी अवजारं. ड्रायरच्या मागच्या जाळीबद्दल मी आग्रहाने बोलणार आहे. ड्रायर मागून हवा ओढतो, ती तापलेल्या तारेवरून पुढे जाते. जाळीत केस आणि टॉवेलचे तंतू साचले की हवा कमी येते, पण तार तेवढीच तापते. म्हणजे आतला उन्हाळा वाढतो. ड्रायर मधेच बंद होऊन थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो ना, तो त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा भाग आहे. तो सांगतोय की श्वास कोंडलाय. जळका वास येतो तो आत गेलेला केस तारेवर जळण्याचा. जाळी आठवड्यातून एकदा, गर्दीच्या लग्नसराईत दोनदा, प्लग काढून जुन्या टूथब्रशने साफ करा.

वीज हाही ड्रायरचाच भाग समजा. २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. भिंतीवरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे सुमारे १४०० वॉटपर्यंतचा. त्यावर, तेही स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डातून ड्रायर आणि स्ट्रेटनर एकदम चालवले की प्लग गरम होतो आणि सॉकेटवर तपकिरी डाग पडतो. तो डाग दिसला की त्या दिवशीच इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठ्या ड्रायरला एसीसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग हवं. वायर ड्रायरभोवती गुंडाळू नका. ती मुठीच्या तोंडाशी आतून तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. हलवल्यावर चालू-बंद होतो तो हाच दोष. सैल गोल करून कडीला टांगा.

स्ट्रेटनरचं तापमान केस बघून ठरवा. रंगवलेले किंवा पातळ केस : १५० ते १६० अंश. सर्वसाधारण : १७० ते १८५. जाड, राठ : २०० पर्यंत. त्याच्यावर रोजच्या कामाला जायची गरज नसते. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. पाण्याने आणि उष्णतेने त्यातले जे बंध सुटतात आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतात, तेवढ्यांवरच केस वळतो. म्हणून ड्रायरवरचं गार हवेचं बटण शोभेचं नाही. बटेला आकार दिल्यावर ते दाबून पूर्ण गार होऊ द्या, आकार टिकेल. ओल्या केसावर पट्ट्या दाबल्या तर आतलं पाणी वाफ होतं, बाहेर पडायला जागा नसते आणि केसाच्या आत बुडबुडे होतात. तो केस नंतर त्याच जागी तुटतो. ‘चर्र’ आवाज आला तर लगेच उचला. केस आधी कोरडे होऊ द्या. बट पट्टीच्या रुंदीपेक्षा जास्त घेऊ नका. बट जाड घेतली की मधला केस तापत नाही, मग आपण तीन-चार वेळा फिरवतो आणि बाहेरचे केस भाजतात. एकदा, सावकाश, न थांबता.

पॅरिसमध्ये १८७० च्या दशकात मार्सेल ग्रातो याने तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा द्यायची रीत रूढ केली. त्या चिमट्याला आकडे नव्हते. तेव्हा कागदावर चटका देऊन बघत. आजही थर्मोस्टॅटवर शंका आली तर पांढरा कागद पाच सेकंद पट्टीत धरा. तपकिरी झाला तर आकडा काहीही म्हणो, ते अवजार बाजूला ठेवा.

पट्ट्यांवर सीरम आणि स्प्रे जळून जो तपकिरी थर बसतो, तो केस अडकवतो. स्ट्रेटनर पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. गरम पट्टीवर अल्कोहोल कधीच नाही. तारेची घासणी आणि सुरी नको. सिरॅमिकचा थर एकदा खरवडला की तिथेच केस ओढला जातो. केस सरळ-मऊ करायच्या केराटिन, स्मूथनिंग ट्रीटमेंटच्या कामानंतर हे पुसणं त्याच दिवशी करा. त्या कामात दारं-खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट पंखा चालू हवा. काही क्रीम्समधून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतो, आणि तो दिवसभर नाकात जातो तो आपल्याच.

स्वच्छतेबद्दल दोन गोष्टी. पहिली, आधी केस आणि मळ काढायचा, मगच जंतुनाशक. केसांवर मारलेला स्प्रे ब्लेडपर्यंत पोहोचत नाही. कंगवे, ब्रश साबणपाण्याने धुवा, मग जंतुनाशकात बाटलीवर लिहिलेली मिनिटं बुडवून ठेवा. लाकडी मुठीचे ब्रश बुडवू नका, मूठ फुगते आणि फुटते. लोखंडी ब्लेड आणि कातरींना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्लीचने गंजतात. दुसरी, निळ्या दिव्याची, म्हणजे यूव्ही प्रकाशाची पेटी. ती साफ केलेली अवजारं ठेवायला चालते. पण ज्या बाजूवर प्रकाश पडत नाही तिथले जंतू मरत नाहीत, म्हणून तिला निर्जंतुकीकरण समजू नका. हिपॅटायटिस-बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही सात दिवस टिकतो. दाढीला प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवीन अर्धं ब्लेड फोडायचं, यात तडजोड नाही. गजकर्णाचं डोकं मशीनखाली आलं तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा, मशीन लावू नका.

बोअरचं पाणी जिथे जड आहे तिथे स्टीमरच्या तळाला पांढरी खपली धरते आणि पाण्याच्या बाटलीचा फवारा तुंबतो. स्टीमरला डिस्टिल्ड पाणी घाला. खपली धरलीच असेल तर लिंबूसत्त्वाचं पाणी अर्धा तास भरून ठेवा, ओता, दोनदा साध्या पाण्याने धुवा.

आणि आपल्या गावापुरतं शेवटचं. २००५, २०१९, २०२१ : कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं आपण पाहिलं आहे. पुराच्या गाळात बुडालेला ड्रायर, स्ट्रेटनर, वायरचं मशीन उन्हात वाळवून प्लगला लावू नका. वरून कोरडं दिसलं तरी आत गाळ आणि ओल राहते. बॅटरीचं मशीन बुडालं असेल तर चार्जिंगला लावू नका, दुकानाबाहेर ठेवा. वाचवण्यासारखी असते ती कातर, त्याच दिवशी हात लावला तर : स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, स्क्रू काढून दोन्ही पाती वेगळी करा, पुसा, अल्कोहोल फिरवा म्हणजे उरलेलं पाणी उडेल, सगळीकडे तेलाचं बोट फिरवा आणि जोडा. कंगवे धुऊन जंतुनाशकात बुडवा. लाकडी ब्रश टाकून द्या.