पेपर हातात आल्यावर हात गार पडतात तेव्हा

(लातूरच्या ट्युशन एरियात विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेलं हे भाषण, थोडी काटछाट करून लिहून काढलंय.)

नमस्कार. मागं उभी असलेली मंडळी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. लेकरांनी मोबाईल खिशात ठेवले तर बरं होईल, कारण आज बोलायचंय तेच मुळी लक्षाबद्दल.

मी लहान असताना आमच्या गावच्या जत्रेत एक हिप्नॉटिझमवाला यायचा. तंबूत एखाद्या पोराला पुढं बोलवायचा, हातात कांदा द्यायचा आणि म्हणायचा सफरचंद आहे, खा. पोरगं कचाकचा खायचं. घरी येऊन सांगितलं तर आजी म्हणाली, त्याच्या डोळ्याकडं बघू नको, भानामती करतंय ते. आता मराठवाड्यात भानामती म्हटल्यावर काय होतं तुम्हाला मी सांगायला नको. इतकी वर्षं संमोहनानं, म्हणजे हिप्नॉटिझमनंच, परीक्षेची भीती हाताळायचं काम करतोय पण आजही लेकराला घेऊन आलेली आई दाराशीच थबकते आणि विचारते, सर, ह्याच्या मनावर ताबा घेणार का तुम्ही? तिचं काही चूक नाही, तिनं तोच तंबू बघितलेला असतो. म्हणून मी आईला सांगतो, आत या, लेकराच्या शेजारीच बसा, सगळं तुमच्यासमोर होईल.

ह्यात शक्ती आहे, जादू आहे असं सांगणारे परदेशातही होते बरं. पॅरिसमधे फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर होता, अंगातून चुंबकासारखं काहीतरी वाहतं आणि ते मी वळवतो म्हणायचा. 1784 साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. त्यांनी लोकांचे डोळे बांधून तपासलं. शक्ती सोडलीय असं नुसतं सांगितलं तरी माणसाला झटके यायचे, आणि न सांगता सोडली तर काहीच व्हायचं नाही. म्हणजे चुंबक बिंबक काही नव्हतं, कल्पनेचा खेळ होता. समितीच्या दृष्टीनं विषय तिथं संपला, पण मला विचाराल तर खरी गोष्ट तिथूनच सुरू होते, नुसत्या कल्पनेनं अंगाला झटके येत असतील तर त्या कल्पनेत जोर किती असेल!

मग मँचेस्टरचे एक सर्जन, जेम्स ब्रेड. 1841 साली त्यांनी असा प्रयोग बघितला, स्वतः घरी करून पाहिला, आणि 1843 च्या पुस्तकात ह्याला हिप्नोसवरून हिप्नॉटिझम असं नाव दिलं. हिप्नोस म्हणजे ग्रीकमधे झोप. पुढं त्यांनाच ते नाव चुकीचं वाटायला लागलं, कारण माणूस झोपलेला नसतोच, त्याचं सगळं मन एकाच विचारावर गोळा झालेलं असतं, म्हणून त्यांनी तशा अर्थाचा दुसरा शब्द सुचवला, पण पहिला इतका चिकटला होता की तो गेला नाही. माझं आजचं सगळं बोलणं ह्या एका गोष्टीवर आहे, मन एका जागी गोळा होणं.

हे तुम्हाला नवीन नाही. सप्त्यात रात्रीचं कीर्तन ऐकायला बसलात, नऊला सुरू झालं, महाराज रंगात आलेत, पखवाज चाललाय, आणि घड्याळ बघितलं तर साडेअकरा. मांडी आखडलेली, डास चावून गेलेले, काही कळलं नाही. कुणी तुमच्यावर ताबा घेतला होता का? आग लागली म्हणून कुणी ओरडलं असतं तर तुम्ही उठूनच पळाला असता ना. संमोहनात होतं ते ह्याच्याच शेजारचं, फरक एवढाच की आपण ते ठरवून करतो आणि त्या अवस्थेत मनाला एखादी कामाची सूचना देतो.

आता परीक्षेकडं येतो, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या नीटकडं. दोन वर्षांमागं एक मुलगी आली होती, गाव सांगत नाही. घरी मॉक टेस्ट दिली की छान मार्क, आणि क्लासच्या टेस्टला हॉलमधे बसली की शंभर दीडशेनं खाली. तिनं मला जे सांगितलं ते शब्द मी तसेच लिहून ठेवलेत: "सर, प्रश्न वाचते पण आत जातच नाही, चारदा वाचला तरी डोळ्यासमोर पप्पाच दिसायलेत."

हे नीट ऐका. तिचा अभ्यास पक्का होता. तिचं लक्षही एकाग्र होतं, पण पप्पांच्या चेहऱ्यावर. घाबरलेल्या माणसाचं लक्ष विखुरतं असं आपण म्हणतो पण माझा अनुभव असा की ते लई घट्ट चिकटलेलं असतं, चुकीच्या जागी. त्यात शरीर भर घालतं, अॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्त हातापायाच्या कातडीकडून आत मोठ्या स्नायूंकडं वळतं म्हणून बोटं गार पडतात. मग लक्ष त्या धडधडीकडं जातं, धडधड वाढते, आणि 180 मिनिटात 180 प्रश्न सोडवायचे असतात, चुकलं की एक मार्क वजा. घड्याळ थांबत नाही.

तिच्याबरोबर आधी दोन वेळा नुसत्या गप्पा मारल्या. फिट येते का, डोक्याची काही ट्रीटमेंट चालू आहे का, झोप कशी आहे, हे विचारल्याशिवाय मी पुढं जातच नाही, आणि तसं काही असेल तर आधी मनोविकार तज्ज्ञ, मग बाकीचं. मग तिला विचारलं, तुला सगळ्यात निवांत कुठं वाटतं? पुस्तकात लिहिलेलं असतं समुद्रकिनारा घ्या, बाग घ्या. आमच्या लेकरांनी समुद्र कुठं बघितलाय? ती म्हणाली, आजीच्या घराचं माळवद. उन्हाळ्यात रात्री वर झोपायचं, मातीचा गारवा पाठीला लागतो. जिना किती पायऱ्यांचा? नऊ.

झालं, तेच घेतलं. डोळे समोरच्या एका ठिपक्यावर, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब, हात जड होऊ द्यायचे, पापण्या मिटायच्या असतील तेव्हा मिटतील, आणि मग मनातल्या मनात आजीच्या जिन्याच्या नऊ पायऱ्या, एकेका श्वासाला एक. वर पोचल्यावर पाठीला गारवा. तिथं पोचली की अंगठा आणि पहिलं बोट हळूच जुळवायचं. हे रोज दहा बारा मिनिटं, पहिला आठवडा माझ्याकडं, नंतर तिचं ती घरी. आठ दहा दिवसात नुसती बोटं जुळवली तरी श्वास लांब व्हायला लागला.

पण निवांत होणं हे अर्धंच काम. तिथं माझी एक जुनी चूक सांगतो. सुरवातीच्या वर्षात मी एका मुलाला सूचना दिली होती, तुला काही म्हणजे काहीच वाटणार नाही. पेपरला गेला, खरंच काही वाटलं नाही, इतका सैल होऊन बसला की शेवटचे वीस प्रश्न राहिले. त्याचं नुकसान झालं आणि ते मला अजून टोचतं. यर्क्स आणि डॉडसन ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1908 सालीच उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की काम अवघड असेल तर ताण जास्त झाला की शिकणं बिघडतं, आणि फार कमी झाला तरी बिघडतं. थोडी धडधड लागतेच. म्हणून आता मी भीती घालवून देतो असं कुणाला म्हणत नाही.

मग काय करतो, तर माळवदावर पोचल्यावर तिथूनच पूर्ण पेपरचा दिवस मनात चालायचा. दीडला गेट बंद होतं, त्याआधीची गर्दी, तपासणी, बोटाचा ठसा, बेंच, सेंटरवर मिळालेलं पेन. आणि मुद्दाम वाईट गोष्टी घालायच्या: पंखा कुरकुर करतोय, शेजारचा भराभर पानं उलटतोय, फिजिक्सचा पहिलाच प्रश्न येत नाहीये. छातीत धडधडलं? धडधडू दे. बोटं जुळव, एक लांब श्वास, डोळे पुढच्या ओळीवर. "भिऊ नको" हे वाक्य मी वापरत नाही, कारण ते ऐकताना मनाला आधी भीतीच आठवावी लागते. "नजर ओळीवर आहे, पेन हलकं आहे, एक प्रश्न झाला, पुढचा" असं साधं, करता येईल असं बोलायचं.

पेपरला तिचे हात पहिली दहा मिनिटं गारच होते, तिनंच येऊन सांगितलं. "पण सर, वाचलेलं आत गेलं." मार्क मी सांगणार नाही, ते तिचे आहेत.

हाच प्रकार एका तरुण कीर्तनकाराबरोबर केला, त्याला अभंगाचं दुसरं चरण माईकसमोर सुचायचं नाही. त्याला माळवद वगैरे लागलंच नाही, टाळाच्या पहिल्या ठोक्यालाच खूण बांधली.

आता कुणी विचारेल, ह्याला पुरावा काय. अमीर राझ नावाच्या संशोधकाचा प्रयोग मला फार आवडतो. हिरव्या शाईनं "लाल" असा शब्द लिहायचा आणि शाईचा रंग कोणता विचारायचं. आपण अडखळतो, कारण वाचणं थांबवता येत नाही. त्यांनी संमोहनाला चांगला प्रतिसाद देणाऱ्या लोकांना सूचना दिली की दिसेल ते परक्या लिपीतलं, अर्थ नसलेलं आहे, आणि त्यांचं अडखळणं खूप कमी झालं. 2005 साली मेंदूचे स्कॅनही छापले, त्यात ओढाताण होणाऱ्या भागातली हालचाल कमी दिसली. पण लक्षात घ्या, हे चांगला प्रतिसाद देणाऱ्यांचं. 1959 साली स्टॅनफर्डला हे मोजायची पट्टी तयार झाली, त्यातून कळलं की थोड्यांना खूप जमतं, थोड्यांना जवळपास जमतच नाही, आणि आपण बहुतेक सगळे मधले. ज्याला जमत नाही त्याच्यात काही कमी नाही, त्याला समुपदेशनाचे दुसरे मार्ग आहेत, आणि रात्री बेरात्री लेकराचं मन फार बिघडलं तर 14416 हा सरकारी टेली मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, लिहून घ्या.

आणि हे हात जोडून सांगतो, चार सेशनमधे फोटोग्राफिक मेमरी, डोळ्याला पट्टी बांधून वाचन, असली पाटी दिसली तर पैसे देऊ नका. न वाचलेला धडा संमोहनानं आठवत नाही. कुणी लेकराच्या जुन्या आठवणी उकरून काढतो म्हणाला तर तिथूनही उठा, कारण त्या अवस्थेत न घडलेलं घडलं असंही वाटू शकतं, मग ते निस्तरता निस्तरत नाही.

शेवटचं पालकांशी. ती मुलगी माझ्याकडं आली तेव्हा मी तिला पहिली सूचना देणारा नव्हतो. दोन वर्षं तिला रोज सूचना मिळत होती. जेवताना, फोनवर, बसस्टँडवर सोडताना: "दोन एकर गेलेत बाळा, आता तुझ्यावरच हाय." प्रेमानं म्हणत होते ते, खोटंही नव्हतं. पण तेच वाक्य, त्याच आवाजात, रोज, आणि ते सुद्धा लेकरू थकलेलं, झोपेला आलेलं असताना, सगळ्यात जास्त जवळच्या माणसाकडून. मी खुर्चीत बसवून करतो ते ह्याहून वेगळं काय आहे? माझ्याकडं आठवड्यातून एक तास येते, घरचं वाक्य रोजचं. तिच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते लई वेळ गप्प बसले, मग म्हणाले, मी तर हिंमत द्यायलो होतो.

(इथं मागून एका वडिलांनी विचारलं, "सर, मग गेटवर सोडताना म्हणावं तरी काय?")

फार काही नका म्हणू. पाण्याची बाटली घेतली का विचारा. आणि म्हणा, सुटल्यावर मी इथंच लिंबाखाली उभा हाय, डबा आणलाय, संगं जेवू.